पत आणि पसंती

प्रास्ताविक

व्यापार ही माणसाची फार जुनी कला आहे. काळानुसार तिची साधने बदलत आली. दवंडीनंतर छापील जाहिरात आली, तिच्यानंतर आकाशवाणी आणि दूरदर्शन आले. आता समाजमाध्यमांनी बाजारपेठ थेट ग्राहकाच्या तळहातावर आणून ठेवली आहे. या नव्या साधनामुळे लहान व्यावसायिकाला काय मिळाले, त्याच्यापुढे कोणते धोके उभे राहिले आणि धंद्याचे खरे भांडवल कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आपण विक्रेते असा वा ग्राहक, हा विषय आपल्या रोजच्या जीवनाशी निगडित आहे.

मूळ पाठ

मराठी व्यापाराच्या भाषेत ‘पत’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ज्याला पत आहे त्याला उधार मिळते, त्याच्या शब्दावर माल पाठवला जातो आणि त्याच्या दुकानात गिऱ्हाईक डोळे मिटून खरेदी करते. पत एका दिवसात मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहारातून साठत जाते. महाराष्ट्रातील जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी अभिमानाने लावलेली असे. तिच्यात थोडा ताठा होता हे खरे. परंतु हा माल आमच्या हातचा आहे आणि त्याची जबाबदारी आमची आहे, असे आश्वासनही त्या पाटीत होते.

आज याच व्यापाराच्या क्षेत्रात ‘पसंती’ हा दुसरा शब्द नव्या अर्थाने रूढ झाला आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्राखाली उमटणारा अंगठा किंवा हृदयाची खूण म्हणजे ही पसंती. ती क्षणात मिळते, मोजता येते आणि चारचौघांना दाखवताही येते. ती हजारोंनी मिळाली की आपला धंदा भरभराटीला आला, असे अनेकांना वाटू लागते. पसंती आणि पत या दोन गोष्टी एकच आहेत का? माझ्या मते नाहीत. समाजमाध्यमांचा उपयोग व्यावसायिकाने अवश्य करावा. परंतु पसंतीलाच पत समजण्याची गल्लत करू नये.

प्रथम या माध्यमांनी काय दिले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १९६७ मध्ये आणि दूरदर्शनवर १९७६ मध्ये जाहिराती सुरू झाल्या. ‘अमूल’सारख्या मोठ्या सहकारी संस्थेने १९६६ पासून चालू घडामोडींवर मिस्कील भाष्य करणारी आपली जाहिरातमाला शहरोशहरी फलकांवर झळकवली. परंतु पापड लाटणारी गृहिणी, पैठणी विणणारा कारागीर किंवा चार कलमांचा बागायतदार यांना हा खर्च झेपणे शक्य नव्हते. त्यांची कीर्ती गावाच्या वेशीपर्यंत, फार तर तालुक्याच्या बाजारापर्यंत जाई. तेथून पुढे त्यांचा माल जाई, नाव मात्र जात नसे.

फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. भारतात २०१६ च्या अखेरीपासून मोबाईलवरील इंटरनेट विलक्षण स्वस्त झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे पैसे घेणे-देणेही सोपे झाले. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने लहान व्यावसायिकांसाठी स्वतंत्र सुविधा आणली. मालाची चित्रे, किमती आणि दुकानाच्या वेळा आता कोणालाही विनामूल्य मांडून ठेवता येऊ लागल्या. ज्यांना आजवर जाहिरातीच्या दारातच प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी हे दार उघडले, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

दुसरा बदल अधिक खोलवरचा आहे. जुनी जाहिरात बोलत असे आणि ग्राहक ऐकत असे. आता ग्राहकही बोलतो, आणि त्याचे बोलणे सारे जग ऐकते. कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानप्रवासात मोडली. कित्येक महिने पाठपुरावा करूनही कंपनीने भरपाई देण्यास नकार दिला. तेव्हा कॅरोल यांनी जुलै २००९ मध्ये या अनुभवावर गाणे रचून ते यूट्यूबवर ठेवले. ते लाखो लोकांनी पाहिले आणि कंपनीची जगभर नाचक्की झाली. भरपाई देण्याची तयारी कंपनीने त्यानंतर दाखवली. एका सामान्य ग्राहकाचा आवाजही आता दाबता येणार नाही, हा धडा मोठ्या उद्योगांना मिळाला. समाजमाध्यमांवर आलेल्या तक्रारींना उत्तर देण्यासाठी आज अनेक कंपन्या स्वतंत्र माणसे नेमतात.

हा बदल प्रत्यक्षात कसा घडतो हे पाहण्यासाठी कोकणातील हापूस आंब्याचे उदाहरण घेऊ. परंपरेने बागायतदार आंबा उतरवतो, पेट्या भरतो आणि नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे पाठवतो. विक्री झाल्यावर खर्च वजा जाता किती रक्कम हाती येणार, हे त्याला दलालाकडून येणाऱ्या पट्टीवरून कळते. आंबा कोणी खाल्ला, तो त्याला आवडला की नाही, हे मात्र त्याला कधीच कळत नाही. खाणाऱ्यालाही आंबा कोणत्या बागेतला हे ठाऊक नसते. दोघांच्या मध्ये संपूर्ण बाजार उभा असतो.

२५ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. हापूसचा हंगाम नेमका तोंडावर आला होता. वाहतूक विस्कळीत झाली आणि वाशीचा बाजारही अधूनमधून बंद राहिला. तयार फळ झाडावर थांबत नाही. अशा वेळी रत्नागिरी, देवगड परिसरातील अनेक बागायतदारांनी मोबाईल हाती घेतला. मुंबई-पुण्यातील नातेवाईक, जुने शेजारी, मुलांचे मित्र यांना संदेश गेले. त्यांच्याकडून ते गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर पोहोचले. एकेका संस्थेची मागणी एकत्र नोंदवली जाऊ लागली, पैसे आगाऊ जमा होऊ लागले आणि आंब्याचे टेम्पो थेट संस्थेच्या फाटकापाशी येऊन थांबू लागले. टाळेबंदी उठल्यावर बाजार पुन्हा सुरू झाले. परंतु थेट विक्रीची ही वाट मात्र बंद झाली नाही.

या वाटेने चालताना धंद्याची रीतही बदलावी लागते. घाऊक बाजारासाठी मोठी पेटी चालते. घरच्या ग्राहकाला एक किंवा दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका सोयीचा पडतो. दलालाला आंबा कसा पिकवावा हे शिकवावे लागत नाही. शहरातील ग्राहकाला मात्र आढी कशी घालावी, फळ केव्हा कापावे, ते शीतकपाटात का ठेवू नये, हे सांगावे लागते. मोहोर आला, कणी धरली, अवकाळी पावसाने फळ गळाले, अशा बातम्या हंगामभर देत राहिल्यास यंदा भाव का चढला हे ग्राहकाला न भांडता समजते. इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या भाषेत आलेला असा निरोप जाहिरातीसारखा वाटत नाही. तो गावाकडच्या पत्रासारखा वाटतो. समाजमाध्यमांवरील विक्रीचे खरे सामर्थ्य या संवादात आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. हापूसच्या जातीत ‘साका’ नावाचा एक दोष आढळतो. फळाच्या गरात पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग तयार होतो. बाहेरून फळ देखणे असते. रंग, वास, आकार यांत काहीही कमी नसते. साका आहे की नाही हे आंबा कापल्यावरच कळते. कितीही उत्तम छायाचित्र काढले तरी त्यात तो दिसत नाही.

समाजमाध्यमांवरील साऱ्याच व्यापाराला ही गोष्ट लागू पडते. चित्रातून साल दिसते, गर दिसत नाही. साडीचा रंग दिसतो, तो पहिल्या धुण्यात टिकेल का हे दिसत नाही. लोणच्याची बरणी दिसते, ज्या स्वयंपाकघरात ते घातले तेथील स्वच्छता दिसत नाही. जुन्या बाजारात गिऱ्हाईक वस्तू हातात घेई, वास घेई, घासाघीस करी. येथे त्याला हे काहीच करता येत नाही. म्हणूनच या बाजारात विश्वासाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. आंब्याला साका निघणे हा बागायतदाराचा अपराध नव्हे. परंतु तक्रार आल्यावर तो काय करतो, यावर त्याची पत ठरते. जो तक्रारीला उत्तरच देत नाही, किंवा तक्रारदाराला गटातून काढून टाकतो, त्याची त्या हंगामाची विक्री कदाचित होऊन जाते. पुढच्या हंगामाचा ग्राहक मात्र तो गमावतो. जो तत्काळ बदली फळे किंवा पैसे देतो आणि ते सर्वांसमक्ष कबूल करतो, त्याच्या सचोटीची जाहिरात ग्राहकच करतात.

दुर्दैवाने पसंतीच्या मोहात पडलेले काही व्यावसायिक जवळची वाट धरतात. कोणी दुसऱ्या प्रांतातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून खपवतो. कोणी पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेतो. कोणी लोकप्रिय व्यक्तीला मोबदला देऊन आपल्या मालाची स्तुती करवतो आणि ती जणू मनापासून केली आहे असे भासवतो. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी आपल्या देशात नियम झाले आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबदला घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे असे स्पष्टपणे लिहावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. आंतरजालावरील ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. हे नियम लहान व्यावसायिकाला जाचक वाटतात; वास्तविक प्रामाणिक विक्रेत्याला खोट्या स्पर्धकांपासून संरक्षण देणारे तेच कुंपण आहे.

आणखी एका धोक्याकडे व्यावसायिकांचे लक्ष क्वचितच जाते. समाजमाध्यमावरील आपले दुकान हे दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेल्या पाटीसारखे असते. भिंतीचा मालक केव्हा काय करील यावर आपला अधिकार नसतो. एके काळी भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट २०१४ मध्ये कायमचे बंद झाले. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या रचनेत बदल केला आणि व्यावसायिक पानांवरील मजकुरापेक्षा मित्र व कुटुंबीय यांच्या मजकुराला अग्रक्रम दिला. लोकांपर्यंत जे फुकट पोहोचत होते, ते पोहोचवण्यासाठी अनेकांना पैसे मोजावे लागू लागले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. सुरक्षेच्या कारणासाठी घेतलेला तो निर्णय होता. परंतु ज्यांनी आपला सारा धंदा त्या एकाच ठिकाणी मांडला होता, त्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. त्या सहा तासांत ज्यांच्याकडे ग्राहकांची नोंद केवळ मोबाईलच्या गटात होती, त्यांना कोणाशीही संपर्क साधता आला नाही. कोणत्या ग्राहकाने काय घेतले, त्याला काय आवडले, त्याचा पत्ता कोणता, हे लिहिलेली साधी वही जवळ असणे आजही शहाणपणाचे आहे. मात्र या वहीतील नावे आणि क्रमांक हीदेखील ठेव आहे. ग्राहकाच्या संमतीवाचून ती कोणालाही देणे किंवा त्याला न विचारता दहा गटांत ओढणे हा विश्वासघात होय.

पसंतीचा पूर आणि स्थिर व्यवसाय यांतील अंतर दिल्लीतील एका घटनेने स्पष्ट केले. मालवीय नगरमध्ये एक वृद्ध दांपत्य ‘बाबा का ढाबा’ नावाची जेवणाची छोटी टपरी चालवत होते. साथीच्या काळात गिऱ्हाईक येईनासे झाले. त्यांची व्यथा मांडणारी चित्रफीत ऑक्टोबर २०२० मध्ये समाजमाध्यमांवर पसरली आणि दुसऱ्याच दिवशी टपरीसमोर रांगा लागल्या. देशभरातून मदत आली. समाजमाध्यमे माणसांच्या मनातील करुणा जागी करू शकतात, याचे हे सुंदर उदाहरण आहे. पुढे त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी मोठे उपाहारगृह सुरू केले. परंतु भाडे, पगार व इतर खर्च भागण्याइतकी विक्री होईना. काही महिन्यांतच ते बंद करावे लागले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा आपल्या जुन्या टपरीकडे परतले. येथे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. गर्दी कुतूहलाने येते आणि कुतूहल शमले की पांगते. गिऱ्हाईक गरजेपोटी येते आणि समाधान झाले तर पुन्हा येते.

यावर कोणी म्हणेल, ‘एवढे धोके आहेत तर लहान माणसाने या भानगडीत पडावेच कशाला? चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही.’ हा विचार ऐकायला बरा वाटला तरी तो न्याय्य नाही. चांगला माल असूनही केवळ कोणाला ठाऊक नसल्यामुळे कित्येक कारागिरांना आपला पिढीजात धंदा सोडावा लागला आहे. येवल्याच्या विणकराने महिनोन्‌महिने खपून विणलेली पैठणी कोठे मिळते हे नागपूरच्या किंवा बडोद्याच्या ग्राहकाला कळलेच नाही, तर त्या कौशल्याचे मोल कोण करणार? आपल्या कामाची माहिती देणे म्हणजे बढाई मारणे नव्हे. खोटे सांगणे आणि न सांगणे या दोन टोकांच्या मध्ये खरे सांगण्याचा प्रशस्त मार्ग आहे.

तो मार्ग फार पूर्वीच काहींनी दाखवून दिला आहे. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड करण्यास प्रारंभ केला. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली आणि हजारो स्त्रियांना घरबसल्या रोजगार मिळाला. त्या काळी मोबाईल नव्हता, छायाचित्रे पाठवण्याची सोय नव्हती. पापडाचा दर्जा मात्र त्यांनी कटाक्षाने सांभाळला. आज एखाद्या बचतगटातील भगिनींना त्या सात जणींपेक्षा कितीतरी अधिक साधने उपलब्ध आहेत. त्यांचे पापड एका दिवसात शंभर घरांच्या मोबाईलवर दिसू शकतात. परंतु तळल्यावर पापड कसा फुलतो आणि तोंडात कसा लागतो, याची परीक्षा आजही कढईत आणि ताटातच होते.

म्हणून व्यवसाय करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला असे सांगावेसे वाटते की, मोबाईलला घाबरू नका आणि त्याला भुलूही नका. छायाचित्र आपल्याच मालाचे काढा. भाव, वजन आणि पोहोचण्याची वेळ आधी स्पष्ट सांगा. चूक झाली तर भरपाई करा. रात्री झोपण्यापूर्वी किती जणांनी अंगठा उमटवला हे पाहण्यास हरकत नाही. परंतु त्याआधी आपली वही उघडून गेल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी यंदा किती जण परत आले, ते अवश्य मोजा. धंदा वाढला की नाही, हे त्या आकड्यावरून कळेल.

विचार करा व लिहा

१. ‘पत’ आणि ‘पसंती’ यांतील फरक लेखकाने कोणत्या उदाहरणांनी स्पष्ट केला आहे?
२. ‘चित्रातून साल दिसते, गर दिसत नाही,’ या विधानाचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
३. समाजमाध्यमावरील दुकानाला लेखकाने दुसऱ्याच्या भिंतीवरील पाटीची उपमा का दिली आहे?
४. आपल्या परिसरातील एखादा लहान व्यावसायिक समाजमाध्यमांचा उपयोग कसा करतो, याची माहिती मिळवा. त्याला आपण कोणत्या दोन सूचना कराल, ते सकारण लिहा.